प्लेगच्या छपरात शिव भेटला

अंगात ताप होता तेव्हा मी शिवाला हाक मारली की नाही, हे मला आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर मात्र हाक मारावी म्हणून हात छातीवर नेला, तर तिथं काहीच नव्हतं. गळ्यातला दोरा नव्हता, दोऱ्याला बांधलेलं पांढरं वस्त्र नव्हतं, आणि त्या वस्त्रात जन्मापासून माझ्याजवळ असलेलं इष्टलिंगही नव्हतं. मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. मग अंगावरचं लुगडंसुद्धा माझं नाही, दवाखान्याचं जाडंभरडं आहे, हे ध्यानात आलं.

आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात मूल जन्मलं की जंगम स्वामी घरी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. ते मग आयुष्यभर अंगावर राहतं आणि शेवटी माणसाबरोबर मातीत जातं. रोज आंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट घ्यायचा. तलवाड्याला माझ्या माहेरी आई हे सगळं फार निगुतीनं करी. लिंग अंगावरून गेलं तर अन्नपाणी वर्ज्य, ते पुन्हा मिळेपर्यंत काही तोंडात घालायचं नाही, असं ती सांगत असे. लहानपणी ऐकलेलं असं काही आपण विसरलो असं वाटतं, पण ते आत कुठंतरी बसलेलं असतं.

ती निजामाच्या राज्यातली प्लेगची वर्षं. बीड शहरात आमचं धान्याचं दुकान होतं. दुकानात उंदीर मरून पडायला लागले तसे आम्ही घराला कुलूप घालून बाहेर शेतात गवताची कोपी करून राहिलो. तिथंही रोगानं पाठ सोडली नाही. आधी माझ्या जाऊबाई गेल्या. हसतीखेळती बाई, पाहता पाहता गेली. त्यांच्या आजारपणात मी शिवाचं किती नाव घेतलं, ते माझं मला ठाऊक. त्या गेल्यावर मनात पहिल्यांदा आलं की आपण ज्याला रोज तळहातावर घेतो, त्याला आपलं ऐकू तरी येतं का? मी हे कुणाला बोलले नाही. पुढं माझ्याच काखेत गाठ आली आणि ताप भरला. आमची लेक तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिला लागण होऊ नये म्हणून यजमानांनी मन घट्ट केलं आणि मला बैलगाडीत घालून बिंदुसरा नदीपलीकडच्या माळावर सरकारनं उभारलेल्या दवाखान्यात आणलं. गाडीचे धक्के तेवढे आठवतात.

दवाखाना म्हणजे बांबूच्या ताट्यांची लांबलांब छपरं. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. भोवती काटेरी कुंपण आणि फाटकावर शिपाई. त्या जागेविषयी गावात नाही नाही ते बोललं जाई. तिथं जिवंत माणसाला सुई टोचून मारतात, मेल्यावर कुठल्याही जातीचा असो एकत्र जाळतात, असं लोक शपथेवर सांगत. आमच्यात माणसाला पुरतात. मला जाळतील, आणि तेही लिंगावाचून, हा विचार डोक्यात शिरला आणि निघेना. फाटकातच रोग्याचे कपडे, दोरे, चिंध्या, सगळं काढून जाळून टाकायचा तिथला नियम होता. रोग पसरू नये म्हणूनच तो होता, आणि त्यात वाईट हेतू काही नव्हता, हे आज मला समजतं. वस्त्रात गुंडाळलेलं लिंग कपडे गोळा करणाऱ्या माणसाला गाठोडीसारखं वाटलं असेल. तेव्हा मात्र मी भिंतीकडं तोंड केलं, दात घट्ट मिटले आणि ठरवलं की आता काही घ्यायचं नाही. बेशुद्धीत कुणी तोंडात पाणी घातलं असेल ते असेल. जाणूनबुजून घोट घ्यायचा नाही.

ताप उतरत आला होता. गाठ फुटून वाहून गेली होती. डॉक्टर म्हणत होते की ही बाई आता वाचायला हवी. आणि मी दिवसेंदिवस खाली चालले होते; ग्लानी आली की बाया ओठांवर ओलं फडकं पिळत, तेवढ्यावरच तगले.

डॉक्टर हैदराबादकडचे मुसलमान गृहस्थ होते. वयानं फार नव्हते, पण झोपेवाचून डोळे खोल गेलेले. ते दख्खनी बोलत आणि अडलं की हातवारे करत. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. गाठीच्या तापातून उठलेली माणसंसुद्धा त्या छपरात मरत होती. अन्न टाकत, बोलणं टाकत आणि एक दिवस विझून जात. म्हणून त्यांनी काही गोष्टी बदलल्या होत्या. मेलेल्या माणसाला इतर रोग्यांच्या डोळ्यांदेखत नेऊ नये म्हणून मागच्या बाजूला कनात बांधली होती. दुपार कलली की नातेवाइकांना कुंपणाबाहेर उभं राहून लांबूनच आपल्या माणसाशी बोलायची मुभा दिली होती. ज्यांना बसवत होतं त्यांना ते निंबाखाली बसवून वाती वळायला, पळसाच्या पत्रावळी लावायला देत. सकाळी फेरी मारताना नाडी बघून झाली की विचारत, रात्री झोप लागली का, कसली स्वप्नं पडली, कशाची भीती वाटते. सुरुवातीला बायका पदर तोंडावर घेऊन गप्प बसत. पुढं पुढं त्याच आधी बोलायला लागत. आणि जिथं त्यांना स्वतःला वेळ पुरत नसे, बायकांशी मोकळं बोलता येत नसे, तिथं त्यांनी अमिनाखालांना बसवलं होतं.

अमिनाखाला, म्हणजे अमिनामावशी, बीडच्या एका फळवाल्याच्या घरच्या. नवरा सीताफळांची गाडी लावायचा. तो प्लेगात गेला, मागोमाग त्या स्वतः या छपरात आल्या आणि वाचल्या. बरं झाल्यावर घरी जायचं तर घरात कुणी उरलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना म्हटलं, "मेरे पास दवा थोडी है, खाला. तुम इनके पास बैठो, इनकी सुनो." तेव्हापासून त्या तिथंच राहिल्या होत्या. अंगानं जाडजूड, चालताना धापा टाकत, पण एखाद्या खाटेजवळ बसल्या की उठायची घाई म्हणून नसे.

माझ्याजवळही त्या येऊन बसत. मी तोंड फिरवत असे. त्या रागावल्या नाहीत आणि देवावर भरवसा ठेव असंही म्हणाल्या नाहीत. एकदा माझ्या केसांच्या जटा सोडवत बसल्या. एकदा आपल्याच घरचं काही सांगत राहिल्या, त्यांचा माणूस सीताफळ पिकलं का नाही ते कसं नुसतं बोट लावून ओळखायचा ते. दुसऱ्या एखाद्या वेळी नुसत्याच बसल्या. यजमान रोज कुंपणापाशी येत आणि लेकीला खांद्यावर घेऊन हाका मारत. बाकीच्या बायका मला उठवू पाहत. मी उठत नसे. लिंगावाचून मी कोण, त्यांना काय तोंड दाखवू, असं वाटे. आज हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हाची माझी अवस्था तशीच होती.

एका सकाळी डॉक्टर माझ्या खाटेपाशी बराच वेळ उभे राहिले. ओठ फाटून रक्त आलं होतं, जीभ कोरडी पडली होती. त्यांनी वाटीनं पाणी तोंडाशी धरलं, मी दात उघडले नाहीत. दोन बायांना धरायला लावून नळीनं पाणी घालावं लागेल, असं त्यांच्या बोलण्यावरून मला समजलं. अमिनाखाला म्हणाल्या, "साब, जरा ठहरो. जबरन घातलं तर आजच्यापुरतं जगंल ती. मला एकदा इचारून बघू द्या." डॉक्टरांनी मान हलवली आणि दुपारपर्यंत वाट बघतो म्हणाले.

ते गेल्यावर खाला माझ्या उशाशी न बसता भिंतीच्या अंगाला, मी तोंड केलं होतं त्या बाजूला आल्या. भिंत आणि खाट यांच्यात जागा एवढीशी. त्या अंग चोरून जमिनीवर बसल्या. आता त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं.

"लेकी," त्या म्हणाल्या, "तू मरायला भीत न्हाईस, एवढं मला दिसलंय. भिणारी माणसं पाणी मागत्यात. तुजं काईतरी गेलंय. रोज बगते मी, तुजा हात छातीवर जातो आन् मोकळा परततो. काय होतं तितं?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. खा, पी, लेकराकडं बघ, सगळ्यांनी सांगितलं होतं. माझ्या हाताकडं कुणी बघितलं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अंगात पाण्याचा थेंब नसताना ते कुठून आलं, शिव जाणे.

"माजं लिंग," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"ते काय असतंय? मला ठाव न्हाई. सांग."

मग मी सांगितलं. थांबत थांबत, खोल जाणाऱ्या आवाजात, पण सगळं सांगितलं. आई सकाळी कशी बसायची, लिंग तळहातावर कसं गार लागतं, कोण ते बांधतं, बांधणारा जंगम कसा असतो, त्याच्या पायाला बांधलेली घंटा कशी वाजते, कपाळावर भस्माच्या तीन पट्ट्या कशा असतात. जाऊबाईंच्या वेळी मनात आलेली शंकाही सांगितली. त्या शंकेचीच ही शिक्षा असेल, म्हणून त्यानं मला सोडलं असेल, हेही सांगून टाकलं. खालांनी मधे एकदाही तोडलं नाही. हे काही मोठं नाही, दगडच तर होता, असं त्या म्हणाल्या असत्या तर मी पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. त्या म्हणाल्या, "मग बरोबर हाय तुजं. एवढं गेल्यावर घास कसा उतरंल?" आणि गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

त्या डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनीही हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी लगेच एका शिपायाला शहरात जंगम शोधायला पाठवलं. तो हात हलवत परत आला. शहर ओस पडलं होतं, जंगमांच्या घरांना कुलपं होती, कोण कुठल्या रानात आहे कुणाला माहीत नव्हतं. खालांनी येऊन मला खरं तेच सांगितलं. गंमत अशी की ते ऐकूनही मी आधीसारखी खचले नाही. दुःख तेवढंच होतं, पण आता ते मी एकटी धरून नव्हते. मी मनात म्हणाले, शिवा, तुला ऐकू येतं की नाही मला माहीत नाही. मला आता काही करता येत नाही. तुझं तू बघ. याला प्रार्थना म्हणावं की नाही, कोण जाणे. थकलेल्या माणसानं ओझं खाली ठेवावं, तसं ते होतं.

पुढं जे झालं ते जसं झालं तसं सांगते. ऊन चांगलंच तापलं होतं. कुंपणाबाहेरच्या विहिरीवर दवाखान्याचं पाणी भरलं जाई. तिथं एक म्हातारा वाटसरू येऊन उभा राहिला. शिपायानं त्याला हटकलं की हा प्लेगचा दवाखाना आहे, पुढं जा. तो म्हणाला, सकाळपासून एकाही वस्तीनं मला जवळ येऊ दिलं नाही, पाणी तरी काढून घेऊ दे. खाला तेव्हा विहिरीवर होत्या. त्यांना आधी घंटेचा आवाज आला. मग त्यांनी त्याच्या कपाळाकडं पाहिलं. एरवी त्यांनी अशा माणसाला दुरूनच वाट दाखवली असती, त्यांना त्यातलं काय कळणार? पण घंटा आणि भस्माच्या तीन पट्ट्या त्यांनी त्याच सकाळी माझ्या तोंडून ऐकल्या होत्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुमी लिंग बांधणारे हाय का?"

म्हातारा चकित झाला. तो जंगमच होता. गेवराईकडच्या एका गावात एका नव्या जन्मलेल्या बाळाला लिंग बांधायला म्हणून निघाला होता. गावात पोचला तर घरं मोकळी, माणसं रानोमाळ पांगलेली, आणि पहाऱ्यावरच्या लोकांनी त्याला शोधायला पुढं जाऊ दिलं नाही. बाळासाठी आणलेलं लिंग त्याच्या झोळीत तसंच राहिलं होतं. ते कपिलधारला आमच्या पंथाच्या संतस्वामींच्या समाधीपाशी ठेवावं आणि मग घरी जावं, असा विचार करून तो त्या वाटेला लागला होता. नेहमीचा रस्ता बंद असल्यामुळं माळावरून वळसा घालून तो आमच्या विहिरीवर आला.

खालांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की चार जणांनी माझी खाट उचलली आणि मला निंबाखाली आणलं. इतक्या दिवसांनी उघडं आभाळ पाहून डोळे दिपले. डॉक्टर बाजूला उभे होते. त्यांनी स्वामींना दूर बसायला सांगितलं, पण म्हातारा म्हणाला, "लांबून कसं बांधू, साहेब? कानात नाव सांगावं लागतंय." डॉक्टरांनी त्यांच्या नाकातोंडाला औषधात भिजवलेलं फडकं बांधलं आणि परवानगी दिली.

स्वामी जवळ आले. मी उठू लागले तर हातानंच पडून राहा म्हणाले. मी कशीबशी म्हणाले, "स्वामी, शरणार्थ. माज्या हातून लिंग गेलं."

"तुजी शुद्ध होती का तवा?"

"न्हाई."

"मग तुज्या हातून कसं गेलं? त्यानं तुला सोडलं न्हाई, तू त्याला सोडलं न्हाई. दोष मनातून काढ."

त्यांनी स्वतः विहिरीचं पाणी काढलं होतं. माझ्या कपाळाला भस्म लावलं, डावा तळहात उघडायला सांगितला आणि त्यावर ते लिंग ठेवलं. नवं, काळंभोर, बाळाच्या गळ्याला जड होऊ नये म्हणून जरा लहानच. गार लागलं. वाकून त्यांनी कानात मंत्र सांगितला. मग पाणी लिंगावर घालून ते तीर्थ माझ्या ओठांशी आणलं, आणि मी तोंड उघडलं. त्या पहिल्या घोटाची चव मला अजून सांगता येत नाही. जीभ सुकलेली होती, पाणी नीट गिळताही आलं नाही, गालांवरून कानात गेलं. डॉक्टर वळून दुसरीकडं बघू लागले. खाला मात्र सरळ माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर घरातलंच कुणी जेवायला बसल्यासारखं समाधान होतं.

मी स्वामींना म्हटलं, "बाळाचं लिंग मला दिलंत. बाळाला काय?"

"त्याच्यासाठी दुसरं आणीन. तू बी आज नवीच जन्मली असं समज," ते म्हणाले, आणि थोडं टेकून, आता नुसतं दर्शनाला म्हणून, कपिलधारच्या वाटेला लागले. त्यांचं गाव मी विचारलं नाही. पुढं पुष्कळ चौकशी केली, पण पुन्हा भेट झाली नाही. तो योग होता की शिव स्वतः आला होता, यावर मी वाद घालत नाही. मला एवढं कळतं की मी खालांपाशी तोंड उघडलं नसतं तर घंटा वाजवत तो म्हातारा विहिरीवरून पुढं निघून गेला असता.

दोन दिवसांनी दुपार कलल्यावर मी कुंपणापर्यंत गेले, दोन बायांच्या खांद्यांवर हात टाकून. यजमानांनी मला पाहिलं आणि लेकीला खाली ठेवून ते तिथंच मातीत बसले. लेकीनं मला ओळखलंच नाही. बोट दाखवून तिनं विचारलं, "ही कोन?" यजमान रडता रडता हसायला लागले. मीही हसले. त्या माळावर कुंपणाच्या दोन्ही अंगांना उभी असलेली माणसं आमच्याकडं बघून हसली. किती दिवसांनी कुणी तिथं हसलं असेल.

बळ आल्यावरही मी लगेच घरी गेले नाही. रोग हटेपर्यंत लेकीजवळ जायची मला भीती होती, आणि डॉक्टर म्हणाले की खालांना सोबत हवी आहे. तेव्हा मी खालांच्या हाताखाली बसायला लागले. आधी वाटे, मला काय बोलता येणार? खाला म्हणाल्या, "बोलायचं काम न्हाईच आपलं. बसायचं."

एके दिवशी तांड्यावरची एक लमाणी बाई आणली. तिची माणसं पुढं निघून गेली होती. ती आमची भाषा बोलेना आणि तिची आम्हाला येईना. ताप उतरला तरी ती बाहीवरच्या आरशांवर बोट फिरवत गप्प पडून राही. मी तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आणि मधेच कधीतरी ती बोलायला लागली. आधी हळू, मग भडाभडा, रडत, छाती बडवत, कुणाचीतरी नावं घेत. मला एक शब्द कळत नव्हता. मी मान हलवत होते, तिचा हात धरला होता, आणि मनात म्हणत होते, शिवा, हिचं तू ऐक, मला समजत नाही. बोलून बोलून ती दमली. मी भाकरी दुधात कुस्करून पुढं केली तर तिनं दोन घास खाल्ले आणि तशीच माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपी गेली. पुढं ती बरी झाली आणि तिची माणसं येऊन तिला घेऊन गेली.

तिनं काय सांगितलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं, एवढं तिच्या झोपेवरून मला कळलं.